शेवटचा हप्ता

"आमचंच चुकलं, मॅडम."

समोर बसलेला माणूस हे बोलला तेव्हा माझ्यापुढे त्याच्या कर्जखात्याचा उतारा उघडा होता. अकरा वर्षं दर महिन्याच्या सात तारखेला हप्ता जमा, एकदाही उशीर नाही. मग कारखान्याला टाळं लागलं आणि पुढचे सात महिने खात्यात काहीच नाही. टाळं त्याने लावलं नव्हतं. व्याजाचा दर त्याने वाढवला नव्हता. तरी चूक आपलीच, हे तो मला पटवून देत होता. धाकटीला महागड्या शाळेत घालायला नको होतं. गच्चीवर खोली काढायला नको होती. वेळीच दुसरीकडे चिकटायला हवं होतं. शेजारी बायको बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत.

मी तेहतीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली, त्यातली बरीचशी नाशिकला, गृहकर्जाच्या टेबलावर. हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं याची मोजदाद नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी कपाटातून आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' शोधून काढलं. हा सूर मला आधी तिथेच भेटला होता.

एम.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा ते नाटक आम्हाला होतं. 'अमेरिकन स्वप्न आणि त्याचा भंग' हा हमखास येणारा प्रश्न. नाटकाचा नायक विली लोमन, त्याचे भ्रम, त्याच्या डोक्यात होणारी काल आणि आजची सरमिसळ, यावर मी पुरवण्या जोडून लिहिलं. पहिल्या अंकात त्याची बायको लिंडा घराचा हिशेब सांगते, तो भाग मात्र डोळ्यांखालून नुसता निघून गेला होता. त्या रात्री मी तिथेच अडकले. फ्रिजचे सोळा डॉलर. वॉशिंग मशीनचे नऊ डॉलर साठ सेंट. व्हॅक्यूम क्लीनरचे साडेतीन, पंधरा तारखेच्या आत. छपराचे एकवीस अजून बाकी. विली वैतागून म्हणतो, की आयुष्यात एकदा तरी एखादी वस्तू मोडीत निघायच्या आधी पूर्ण माझी व्हावी. हे वाक्य माझ्या टेबलापुढच्या खुर्चीवर बसून कुणीही बोललं असतं.

विली त्रेसष्ट वर्षांचा आहे. तीस-पस्तीस वर्षं एकाच कंपनीचा माल घेऊन गाडीने गावोगाव फिरला. आता कंपनीने पगार बंद करून त्याला निव्वळ कमिशनवर ठेवलंय, आणि धन्याच्या मुलाकडे तो साधी शहरातली जागा मागायला जातो तेव्हा तीही नोकरी जाते. संत्रं खाऊन साल फेकून द्यावी तसं माणसाला फेकता येत नाही, असं तो ओरडून सांगतो. खरं तेवढंच बोलतो. एरवी मात्र तोही स्वतःलाच बोल लावत असतो. मी फार बडबडतो, मी जाडा आहे, लोक मला हसतात, मी लोकांना पुरेसा आवडत नाही. माल का खपत नाही, याचं उत्तर तो आरशात शोधतो.

आणि घराचा हप्ता. पंचवीस वर्षांचं कर्ज, आता शेवटचा हप्ता उरलाय. थोरला बिफ नऊ वर्षांचा होता तेव्हा घर घेतलं. आता भोवती उंच इमारती उठल्यात, परसात सूर्य पोचत नाही, मुलं हाताबाहेर गेलीत. विली रात्री विजेरीच्या उजेडात परसात बी पेरत बसतो, आणि मग गाडी घेऊन निघून जातो, वीस हजार डॉलरचा विमा मुलांना मिळावा म्हणून. लिंडा त्याच्या थडग्यापाशी बसून सांगते, की घराचा शेवटचा हप्ता आजच भरला. आता आपण मोकळे झालो. तिला रडूच येत नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा सगळं देणं फिटत आलं होतं, दातांच्या डॉक्टरचंसुद्धा फिटलं होतं, असं ती म्हणते. त्या दातांच्या डॉक्टरपाशी माझ्या घशात आवंढा आला.

कारण लिंडा मला भेटली होती. नवरा गेल्यावर कर्जाबरोबर घेतलेल्या विम्यातून कर्ज फिटलं, म्हणून एक बाई घराचे मूळ कागद घ्यायला एकट्या आल्या होत्या. नऊवारीतल्या, साठीच्या. मी करारनाम्याचं पान न पान मोजून त्यांच्या पुढ्यात ठेवलं, सही घेतली. त्यांनी विचारलं, "आता यावर बँकेचं नाव नाही ना?" नाही म्हटलं. त्या उठल्या नाहीत. कागद मांडीवर घेऊन जेवणाच्या सुट्टीपर्यंत तशाच बसून राहिल्या, आणि मीही त्यांना उठा म्हटलं नाही. घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. बांधून झाल्यावरचं घर कुणाचं, ते त्या म्हणीत नाही.

मिलरच्या वडिलांचा कोट शिवून विकण्याचा मोठा धंदा होता. १९२९च्या मंदीत तो बुडाला, आणि कुटुंब मॅनहॅटन सोडून ब्रुकलिनला छोट्या घरात आलं. फेब्रुवारी १९४९मध्ये ब्रॉडवेवर हे नाटक आलं तेव्हा युद्ध जिंकलेली अमेरिका घरं, गाड्या, फ्रिज हप्त्याने घेत सुटली होती. त्या भरभराटीत या लेखकाने हप्त्याचा कागद रंगमंचावर आणला.

मग आलं २००८. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी गुंतवणूक बँक कोसळली आणि आमच्या शाखेतही रोज तोच विषय. न्यू जर्सीला असलेला माझा मावसभाऊ फोनवर सांगायचा, की त्याच्या रस्त्यावरच्या तीन घरांपुढे लिलावाच्या पाट्या लागल्यात. तिथल्या कर्जांची कागदपत्रं कशी असत हे मी वाचत गेले. पहिली दोन वर्षं हप्ता हलका, मग व्याज एकदम वर. सही करणाऱ्याला हे समजलंय की नाही, याची कुणाला पर्वा नव्हती. हे वाचताना अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' आठवली. १९०६ची कादंबरी. शिकागोच्या कत्तलखान्यांवरची म्हणून ती ओळखली जाते. मांसाच्या कारखान्यांतली घाण वाचून देश हादरला आणि त्याच वर्षी अन्न-औषधांच्या शुद्धतेचा आणि मांसतपासणीचा असे दोन कायदे झाले. मी लोकांच्या काळजावर नेम धरला आणि चुकून पोटावर बसला, असं सिंक्लेअर पुढे म्हणाला. त्याचा नेम ज्या काळजावर होता, ते माझ्या मते कादंबरीतल्या एका घरात आहे.

लिथुएनियाहून आलेलं एक कुटुंब. युर्गिस नावाचा आडदांड तरुण, त्याची ओना, तिची सावत्र आई, पोरं, म्हातारा बाप. भाड्याच्या कोंदट खोलीत राहण्यापेक्षा स्वतःचं घर बरं, म्हणून जाहिरात बघून घर घेतात. किंमत दीड हजार डॉलर, तीनशे आधी, मग महिना बारा. करारात 'भाडं' हा शब्द दिसल्यावर बरोबर आलेला ओळखीचा माणूस चपापतो. वकील बोलावला जातो. तो वकील घरविक्याला नावाने हाक मारतो, सगळं रीतसर आहे म्हणतो. संध्याकाळी युर्गिसला कळतं तेव्हा तो भीतीने वेडापिसा होऊन रात्रीच दुसऱ्या वकिलाचं दार ठोठावतो. तोही म्हणतो, ठीक आहे. आणि ठीक असतंच! कायद्याने त्यात काहीच चूक नसते. महिन्यांनी शेजारची म्हातारी सांगते, की बारा डॉलरवर व्याज वेगळं, साल सात टक्के. म्हणजे दर महिन्याला आणखी सात डॉलर. बांधायला पाचशेही लागले नसतील असं ते घर, नवं म्हणून विकलेलं पण जुनं, आणि यांच्याआधी चार कुटुंबं तिथून हप्ता चुकून बाहेर पडलेली. एकेका देशाचं एकेक.

त्या सात डॉलरांसाठी काय होतं ते बघा. ओना कामाला लागते. घरातला लहान पोरगा दोन वर्षांनी मोठा असल्याचा दाखला पाद्र्याकडून आणतो आणि चरबीच्या कारखान्यात डबे भरायला उभा राहतो. युर्गिसचं उत्तर प्रत्येक संकटावर एकच असतं, मी जास्त काम करीन. जास्त काम करण्यात तो कधीच कमी पडत नाही, हेच तर सगळ्यात वाईट. पुढे तो तुरुंगातून सुटून चालत घरी येतो, तर घराला नवा रंग, आतून अनोळखी मुलगा बाहेर येतो. घर पुन्हा नवं म्हणून विकलं गेलेलं. या पानाला मी दर वेळी थांबते. कादंबरीच्या शेवटी समाजवादावरची लांबलचक भाषणं आहेत, ती मला कंटाळवाणी वाटतात. जे त्या रंगाच्या वासाने सांगून झालं, ते सभेत पुन्हा सांगायची गरज नव्हती.

'अमेरिकन स्वप्न' हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी रुळला तो १९३१मध्ये, जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराच्या पुस्तकामुळे, म्हणजे ऐन महामंदीत. प्रत्येकाला आपापल्या कुवतीप्रमाणे संधी मिळावी, जन्म कुठल्या घरात झाला याला महत्त्व नसावं, असं त्याचं म्हणणं होतं. नुसत्या मोटारी आणि मोठे पगार म्हणजे हे स्वप्न नव्हे, हेही त्याने बजावलं. मला हे मनापासून आवडतं. आपल्याकडे जन्माने माणसाचं आयुष्य बांधलं जातं, तिथल्या कुणालाही हे आवडेल. म्हणूनच ते कुठे दगा देतं ते नीट बघावंसं वाटतं. कुवतीप्रमाणे मिळणार असेल, तर न मिळालेल्याची कुवतच नव्हती असा अर्थ आपोआप निघतो. वचन पाळलं गेलं नाही, की वचन देणाऱ्याला कुणी विचारत नाही. लाज वाटते ती ज्याला वचन दिलं त्याला.

स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' १९२५ची, या शब्दाच्या आधीची. तिच्यातला खाडीपलीकडचा हिरवा दिवा सगळ्यांना पाठ असतो. मला त्या दिव्यापेक्षा शेवटी येणारा म्हातारा जवळचा वाटतो. गॅट्सबीचा खून झालाय. ज्याच्या बंगल्यावर शेकडो लोक फुकट दारू पिऊन नाचले, त्याच्या अंत्ययात्रेला कुणी यायला तयार नाही. तेव्हा हा हेन्री गॅट्झ नावाचा गरीब बाप दूरच्या मिनेसोटातून येतो. त्याच्या पाकिटात मुलाच्या बंगल्याचा फोटो आहे, कोपरे मोडलेला, हाताळून मळलेला. बंगल्याच्या आतच उभा राहून तो फोटो दाखवतो. इतक्यांना इतक्यांदा दाखवलाय, की खऱ्या घरापेक्षा फोटोच त्याला खरा वाटत असावा. मुलाने आपल्यालाही राहतं घर घेऊन दिलं, हेही अभिमानाने सांगतो.

मग तो एक जुनं पुस्तक काढतो. मागच्या कोऱ्या पानावर पोरवयातल्या गॅट्सबीने लिहिलेलं वेळापत्रक, तारीख १२ सप्टेंबर १९०६. सहाला उठणं. डंबेल्सचा व्यायाम. विजेचा अभ्यास. वक्तृत्वाचा सराव. खाली संकल्प: सिगारेट बंद, आठवड्याला एक चांगलं पुस्तक, आईवडिलांशी नीट वागणं, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकणं. पाचावर काट मारून तीन केलेत. ती काट मला फार बोलते. दारिद्र्यात वाढलेल्या त्या पोराने हिशेब करून बघितला होता, पाच जमत नव्हते. एवढ्या प्रामाणिक यादीतून निघालेला मुलगा चोरट्या दारूच्या पैशावर पोचतो, कारण यादीच्या रस्त्याने त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या श्रीमंत डेझीच्या दारापर्यंत पोचताच येत नाही. तिच्या तर आवाजातच पैसा आहे. आणि ती व तिचा नवरा वस्तू मोडतात, माणसं मोडतात, आणि पुन्हा आपल्या पैशात शिरून दार लावून घेतात. सगळी कादंबरी वाचून बघा, 'आमचंच चुकलं' हे वाक्य त्यांच्यापैकी कुणाच्याही तोंडी नाही.

जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' मी बँकेत असताना वाचली आणि पाचव्या प्रकरणानंतर बरेच दिवस पुढे गेले नाही. १९३९ची कादंबरी. ओक्लाहोमात धुळीच्या वादळांनी आणि कर्जाने कुळांच्या जमिनी चालल्यात. मालकांची माणसं मोटारीतून येऊन अंगणात थांबतात, खाली न उतरता बोलतात. त्यांतले काही मवाळ असतात, कारण त्यांना हे काम आवडत नाही. काही चिडलेले, कारण निष्ठुर व्हायचा त्यांना राग येतो. काही थंड पडलेले. हे तिन्ही माझे सहकारी होते. तिन्ही मीही होते, वेगवेगळ्या वर्षी. बँकेतल्या प्रत्येक माणसाला बँक जे करते ते नकोसं असतं आणि तरी बँक ते करते, असं तिथे लिहिलंय. याला मला उत्तर देता येत नाही.

२००२च्या सरफेसी कायद्यानंतर न्यायालयात न जाता थकलेल्या कर्जाचं घर ताब्यात घ्यायची सोय बँकांना झाली. एका घराच्या दारावर ताबा नोटीस लावायला मी दोघा सहकाऱ्यांबरोबर गेले होते. दाराला ऑइलपेंट होता, डिंक धरेना. कागद दोनदा गळून पडला. तेव्हा घरातल्या माणसानेच आत जाऊन सेलोटेप आणून दिली. आम्ही चार कोपऱ्यांना चार पट्ट्या लावल्या. जाताना तो म्हणाला, "तुमचा काय दोष, मॅडम." म्हणजे पुन्हा तेच, दुसऱ्या शब्दांत.

स्टाइनबेकचं कूळ असं म्हणत नाही. ट्रॅक्टर घेऊन घर पाडायला येतो तो ओळखीतल्याच एकाचा मुलगा, दिवसाला तीन डॉलर घेणारा. हे घर मी हातांनी बांधलंय, जुने खिळे ठोकून सरळ करून वापरलेत, असं कूळ त्याला सांगतं. तू पाडलंस तर तुला गोळी घालीन. पोरगा म्हणतो, मला मारून काय होईल, दुसरा येईल. मग हुकूम कुणी दिला? त्याला बँकेने सांगितलं. मग बँकेचा अध्यक्ष? त्याला पूर्वेकडून हुकूम येतो. मग गोळी घालायची तरी कुणाला? बंदूक मला नको आहे. पण मी वाचलेल्या अमेरिकन पुस्तकांत हा पहिला माणूस, जो स्वतःच्या छातीवर बोट न ठेवता रस्त्याच्या दिशेने बघून विचारतो, की हे कुणी केलं. पुढे कादंबरीतलं जोड आडनावाचं कुटुंब मोडक्या ट्रकमधून कॅलिफोर्नियाला निघतं, ते एका हस्तपत्रिकेच्या भरवशावर. वाटेत परत फिरलेला एक फाटका माणूस त्यांना हिशेब सांगतो. आठशे मजूर हवे असले, की पाच हजार पत्रकं छापतात. दोन-तीन हजार माणसं घर मोडून निघतात, आणि मजुरी खाली येते. ज्या भागात ही कथा पोचते त्या कर्न काउंटीने त्याच वर्षी हे पुस्तक आपल्या वाचनालयांतून आणि शाळांतून काढून टाकलं.

त्याच्याच 'ऑफ माइस अँड मेन'मध्ये तर घर नाहीच. दोन भटक्या मजुरांनी एकमेकांना सांगायची गोष्ट तेवढी आहे, सशांची आणि थोड्या जमिनीची. तिच्यात हात गमावलेला म्हातारा कँडी येतो आणि साडेतीनशे डॉलर देऊ करतो, त्यातले अडीचशे त्या हाताची भरपाई. हाताच्या किमतीत घराचा मोठा हिस्सा.

मला अलीकडे सगळ्यात जास्त लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' वाचावंसं वाटतं. १९५९चं नाटक, ब्रॉडवेवर आलेलं कृष्णवर्णीय स्त्रीचं पहिलं. शिकागोच्या दक्षिण भागातल्या कोंदट घरात यंगर कुटुंबाच्या तीन पिढ्या. वडील राबून गेले, त्यांच्या विम्याचे दहा हजार डॉलर येतात. आई, म्हणजे लीना, त्यातले साडेतीन हजार देऊन घर ठरवते, गोऱ्यांच्या वस्तीत. का, तर काळ्यांसाठी बांधलेली घरं दुप्पट महाग. उरलेले पैसे मुलगा वॉल्टर धंद्याच्या नादात एका मित्राच्या हाती सोपवतो आणि ते बुडतात. मग त्या वस्तीतर्फे एक सभ्य गृहस्थ येतो आणि सांगतो, तुम्ही येऊ नका, घरासाठी दिलेत त्याहून जास्त पैसे आम्ही देतो.

इथे वॉल्टर जवळजवळ मोडतो. पैसे घ्यायला तयार होतो. पण आई म्हणते, जे करशील ते तुझ्या पोरासमोर कर. पोरगा समोर उभा असताना त्याला ते बोलवत नाही. आमच्या बापाने हे घर विटेवर वीट ठेवून मिळवलंय, आम्ही येणार, एवढंच तो सांगतो. पैसे नाहीत, महिना सव्वाशेचा हप्ता आहे, घरातल्या सगळ्यांना राबावं लागणार आहे. पोटुशी सून रूथ आधीच म्हणून गेलीय, की बाळ पाठीशी बांधून अमेरिकेतल्या सगळ्या फरशा पुसाव्या लागल्या तरी पुसीन, पण इथून निघायचंय. मी कर्ज मंजूर करणारी असते, तर या कुटुंबाची कागदपत्रं कुठल्याच नियमात बसली नसती. तरी मनाने मी त्यांच्या टेम्पोत बसलेली असते. सगळे खाली उतरतात. आई एकटी दारातून परत येते, खिडकीतलं ते खुरटलेलं रोपटं विसरलं म्हणून, आणि ते कुंडीसकट उचलून निघते.

नाटक इथे थांबतं. त्यापुढचं हॅन्सबेरीला ठाऊक होतं. १९३७मध्ये तिच्या वडिलांनी शिकागोच्या गोऱ्या वस्तीत घर घेतलं, जिथे काळ्या माणसाला घर न विकण्याचा करार घरमालकांनी आपसात केलेला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९४०मध्ये एका तांत्रिक मुद्द्यावर निकाल त्यांच्या बाजूने लागला. दरम्यान घरापुढे जमाव जमायचा. एकदा खिडकीतून आलेली वीट सात-आठ वर्षांच्या लॉरेनला लागता लागता राहिली. वडील खटल्यासाठी वॉशिंग्टनला. घरात चार मुलं झोपलेली असायची, आणि आई हातात भरलेलं पिस्तूल घेऊन रात्रभर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहायची.